छत्तीस फोटोंचा परभणी जिल्हा

दोस्तांनो, 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' ही म्हण तुमच्या कानांवरून गेली असेलच. परभणीचा माणूस कुठंही भेटला, की ती ऐकवल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही! ती कुणी काढली आणि का काढली, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज वाद झडतात. पण आज त्या वादात शिरायचं नाही. आज आपण परभणी जिल्ह्याच्या सहलीला निघणार आहोत आणि या सहलीचं तिकीट जरा निराळं आहे. फिल्मचा एक रोल हेच आपलं तिकीट. छत्तीस फोटोंचा. फार तर एखादा जास्त निघतो, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही हं!

तुम्ही म्हणाल, "सर, मोबाइल असताना रोल कशाला?" बरोबर आहे तुमचं. मोबाइलवर एका दुपारी पाचशे फोटो काढता येतात, आणि त्यासाठी खिशातून एक रुपयाही जात नाही. तरीही शहरांतली कॉलेजची मुलं आजोबांच्या कपाटातले जुने कॅमेरे बाहेर काढून पुन्हा रोल भरू लागली आहेत. काही जण तर खाऊचे पैसे साठवून एकाच विषयावरची फोटोंची मालिका करतात. अशा मालिकेला 'फोटो निबंध' म्हणतात. आपण शाळेत निबंध लिहितो ना, 'माझा गाव', 'पावसाळ्यातील एक दिवस'? तसाच, पण शब्दांऐवजी फोटोंचा.

आता गणित करू. रोलचे, तो धुण्याचे आणि त्यातले फोटो संगणकावर उतरवून घेण्याचे मिळून चौदाशे रुपये धरा. त्याला छत्तीसने भागा. एका फोटोला जवळजवळ एकोणचाळीस रुपये! म्हणजे बटण एकदा दाबलं, की दोन वडापाव गेले. मग माणूस बटण दाबण्याआधी काय करतो? विचार करतो. आधी नीट बघतो. रोलची सगळी गंमत इथंच आहे.

एका रुपयाचा फोटो

विद्यार्थी असताना फोटो काढून पैसे मिळवणं ही काही आजची गोष्ट नाही. होमाई व्यारावाला हे नाव ऐकलंय? आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म ९ डिसेंबर १९१३, गुजरातमधल्या नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक मंडळीत नट होते. घरची स्थिती बेताची. होमाई मुंबईत वाढल्या आणि सर जे. जे. कलाशाळेत शिकायला गेल्या. फोटो काढायला त्यांना शिकवलं माणेकशा व्यारावाला यांनी. पुढे त्यांच्याशीच होमाईंचं लग्न झालं.

होमाईंचे पहिले छापून आलेले फोटो कशाचे होते, सांगा बरं? राजाराणीचे? मोठ्या पुढाऱ्यांचे? छे! महिला मंडळाच्या एका सहलीचे! 'बाँबे क्रॉनिकल' या वर्तमानपत्राने ते छापले आणि एका फोटोला एक रुपया दिला. मग कलाशाळेतल्या मैत्रिणी, मुंबईचे रस्ते, कामावर निघालेली माणसं असं रोज डोळ्यांसमोर दिसणारं जग त्या टिपत गेल्या. त्यांची वर्गमैत्रीण रेहाना मोगल हिचे त्यांनी काढलेले फोटो आजही लोक कौतुकाने बघतात.

त्यांच्या लाडक्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात एका रोलवर फक्त बारा फोटो निघत. आपल्याकडे छत्तीस आहेत, म्हणजे आपण श्रीमंतच! हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली वाकून बघायचा असतो. त्यामुळे समोरच्या माणसाला कुणी डोळे रोखून बघतंय असं वाटत नाही.

पण एक गोष्ट मनाला लागते. होमाईंचे सुरुवातीचे बरेच फोटो 'इलस्ट्रेटेड वीकली'त माणेकशांच्या नावाने छापले गेले. बाईमाणसाच्या आणि अनोळखी नावाला तेव्हा कोण विचारणार? फोटो काढला होमाईंनी आणि खाली नाव दुसऱ्याचं! पुढे १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजी, पंडित नेहरू असे कितीतरी क्षण त्यांनी टिपले. सरकारने २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिलं आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या. आज त्यांच्या फोटोंखाली त्यांचंच नाव असतं. ही नावाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ती लागणार आहे.

रोलच्या पोटात

निघण्याआधी रोल म्हणजे काय ते पटकन समजून घेऊ. प्लॅस्टिकच्या लांब पट्टीवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर दिलेला असतो. कॅमेऱ्याचं झाकण क्षणभर उघडतं, आत उजेड शिरतो आणि जिथं उजेड पडला तिथले क्षार बदलतात. पण हा बदल डोळ्यांना दिसत नाही. पट्टी रसायनात बुडवली, की उजेड लागलेल्या जागी काळी चांदी उमटते. दुसऱ्या रसायनाने उरलेले क्षार धुऊन निघतात. म्हणून निगेटिव्हमध्ये आभाळ काळं आणि काळे केस पांढरे दिसतात. रंगीत रोलमध्ये असे तीन रंगांसाठी वेगवेगळे थर असतात.

उजेड किती घ्यायचा, याचा एक सोपा नियम आहे. तो पाठच करून टाका. स्वच्छ उन्हात भिंगाचं छिद्र 'एफ १६' वर ठेवायचं आणि झाकण उघडं राहण्याचा वेळ रोलवरच्या आकड्याइतका. म्हणजे १०० आकड्याच्या रोलला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग, ४०० च्या रोलला चारशेवा. कॅमेऱ्यावर नेमका तो आकडा नसेल, तर जवळचा घ्या. आमच्या परभणीचं ऊन या नियमासाठीच पडतं, असं मी गमतीने म्हणतो! मात्र हेच ऊन रोलचं वैरीही आहे. रोल एसटीच्या खिडकीपाशी किंवा मोटारीच्या काचेमागे ठेवू नका. उष्णतेने त्याचे रंग बिघडतात. तो भरायचा आणि काढायचाही सावलीत.

नऊ तालुके, चार-चार फोटो?

आमच्या जिल्ह्यातला हिंगोली भाग १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. आता परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, गंगाखेड, जिंतूर, मानवत, पालम, पाथरी, पूर्णा, सेलू आणि सोनपेठ. छत्तीस भागिले नऊ म्हणजे चार. किती सोपं! प्रत्येक तालुक्यात चार फोटो काढा की झालं!

पण थांबा. असं केलं तर हाती काय येईल? एक देऊळ, एक दर्गा, एक स्टेशन, एक बाजार... छान छान चित्रांची एक गठ्ठी. निबंधात आपण 'आंबा गोड असतो, रेल्वे लांब असते, आजी प्रेमळ असते' असं लिहितो का? सगळी वाक्यं खरी, पण त्यांचा मिळून निबंध होत नाही. सगळ्यांना ओवणारा एक दोरा लागतो.

आपण पाण्याचा दोरा घेऊ या. मराठवाड्यात पाण्याइतकं मोलाचं दुसरं काय आहे? पाणी कुठं साठवलं, कुणी अडवलं, कुठून आणलं, कोण भरतं आणि ते नसलं की काय होतं, हे एका दोऱ्यात बांधता येईल. छत्तीस फोटो आपण असे वाटू: वालूरला सहा, चारठाण्याला सहा, येलदरीला चार, कालवा नि शेताला सहा, गंगाखेडला आठ. झाले तीस. उरलेले सहा शिलकीत. वाटेत काय भेटेल, कुणी सांगावं!

वालूर : गोल गोल खाली

रेल्वेने सेलूला उतरलो. मनमाडहून येणारी गाडी इथं थांबते. तिथून वालूर गाठायचं. इथली बारव बघितली, की तुम्ही 'अबब!' म्हणाल. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, हे तुम्हाला माहीत असेल. बहुतेक बारवांच्या पायऱ्या सरळ उतरतात. वालूरच्या बारवेतल्या पायऱ्या मात्र गोल वळत वळत खाली जातात, शंखाच्या आतल्या वळणासारख्या.

ही बारव कचऱ्याने आणि गाळाने बुजली होती. अलीकडच्या काळात राज्यभर बारवा जपण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतः राबून ती मोकळी केली. मग तिचे फोटो सगळीकडे पोचले. २०२२ मध्ये टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रकार्डं काढली, त्यांत आमच्या जिल्ह्यातल्याही बारवा आहेत. पाहिलंत? श्रमदान आणि फोटो यांनी हातात हात घातला, की बुजलेली विहीर पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे येते.

इथं सहा फोटो आहेत. सगळे बारवेचेच काढू नका. एक वरून, वळण दिसेल असा. एक खालून, वर आभाळाचा गोल दिसेल असा. एक पायरीचा अगदी जवळून, दगडावरच्या छिन्नीच्या खुणांचा. आणि उरलेले तीन? ज्यांनी गाळ काढला त्यांच्या हातांचे आणि चेहऱ्यांचे. गावात विचारा, कुणीतरी नक्की सांगेल, "अहो, मी होतो की टोपल्या उचलायला!"

चारठाणा : अंधाराला मोजा

वालूरहून जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जाऊ. जुन्या देवळांचं गाव. गोकुळेश्वराचं मंदिर, कोरीव खांब, दीपमाळ आणि इथंही बारव. चालुक्य-यादवांच्या काळातल्या कारागिरांनी काळ्या दगडात काय काय करून ठेवलंय, ते बघत बसलं तर दिवस पुरत नाही.

पण इथं रोलची परीक्षा असते. बारवेच्या काठावर लख्ख ऊन आणि तळाशी अंधार. दोन्ही एका फोटोत नीट कसे यावेत? युक्ती सांगतो. निगेटिव्ह रोलला उजेड थोडा जास्त झाला तर तो सांभाळून घेतो, पण कमी पडला तर अंधारातलं काहीच उमटत नाही. म्हणून मोजायचं ते अंधाराला! तळाच्या पायऱ्यांना पुरेल इतका उजेड द्या.

आणखी एक भूगोलाची गंमत. मे महिन्याच्या मध्यावर आमच्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते आणि ऊन विहिरीत सरळ तळापर्यंत उतरतं. एरवी अंधारात असलेली पायरी काही मिनिटं उजळून निघते. या एका फोटोसाठी वर्षभर वाट बघायची तयारी आहे का?

आणि हो, बारवेत एकट्याने उतरायचं नाही. डोळा कॅमेऱ्याला लावून एक पाऊलसुद्धा मागे टाकायचं नाही. आधी उभं राहायची जागा, मग फोटो.

येलदरी आणि कालव्याचं पाणी

जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. बारवांनी पावसाचं पाणी एका गावापुरतं साठवलं, धरणाने ते अख्ख्या मुलखासाठी साठवलं. इथं चारच फोटो ठेवलेत, कारण पाणी मोठं असलं की फोटो उलट रिकामा दिसतो! पाण्याचा मोठेपणा कळायला त्यात काहीतरी लहान लागतं: मासेमाराची होडी, काठावरचा बगळा, हात पाय धुणारा गुराखी. धरणाच्या भिंतीवर आणि वीजघरापाशी जायचं तर आधी पाटी वाचा, पहारेकऱ्याला विचारा. नाही म्हणाले तर नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, पाथरी-मानवत-परभणीकडे, पाणी येतं ते थेट पैठणहून. जायकवाडी धरणाचा डावा कालवा दोनशे किलोमीटरहून लांब आहे. विचार करा, पैठणला सोडलेलं पाणी जालना जिल्हा ओलांडून आमच्या शेतापर्यंत येतं. कालव्याच्या एका बाजूला हिरवा ऊस, दुसऱ्या बाजूला कोरडं शेत, असा एकच फोटो दहा पानांचं काम करतो.

आणि जिथं कालवाही नाही तिथं? तिथं आमची काळी जमीन. ती पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात रब्बीची ज्वारी उभी राहते. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आता त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. 'परभणी मोती' हे रब्बी ज्वारीचं वाण इथलंच, आणि भाजीतली 'परभणी क्रांती' भेंडीसुद्धा! डिसेंबर-जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत या, कणसाचा फोटो काढा आणि मग हुरडा खा. आधी खाल्ला तर बोटांचा चिकटपणा भिंगाला लागेल. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते, इतकी की भेगेत हात जावा. हिवाळ्यातलं कणीस आणि उन्हाळ्यातली भेग एकाच जागेवरून टिपली, तर फोटोखाली ओळ लिहायचीही गरज नाही.

गंगाखेड : जिथं कॅमेरा खाली ठेवायचा असतो

परभणी जंक्शनहून परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. गंगाखेड यायच्या जरा आधी गाडी खडखडाट करत गोदावरीच्या पुलावर चढते. दारात लोंबकळून फोटो काढायचा नाही. खिडकीतून नदी डोळ्यांत भरून घ्या, रोल घाटासाठी ठेवा.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेल्या आणि आयुष्यभर दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणं हीच कामं केली. लोकांच्या गोष्टींत तर साक्षात विठ्ठल जनीबरोबर दळतो आणि पाणी भरतो. आपल्या पाण्याच्या निबंधाला याहून चांगला मुक्काम कोणता?

घाटावर कपडे धुणाऱ्या बाया असतात, पोहणारी पोरं असतात, जाळं दुरुस्त करणारी माणसं असतात. आठ फोटो कधी संपतील कळणारही नाही. पण याच घाटावर लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या अस्थीही घेऊन येतात. कुणी केस काढून बसलेलं असतं, कुणी डोळे पुसत असतं. तिथं कॅमेरा खाली. फोटो कितीही चांगला येणार असला तरी खाली. ज्या माणसाला आत्ता 'नको' म्हणायचंही त्राण नाही, त्याच्यासाठी ते आपण म्हणायचं असतं.

नाव काय लिहू?

आता ती नावाची गोष्ट. आमचा हा सगळा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहाव्या निजामाच्या दरबारी एक नामांकित छायाचित्रकार होते, राजा दीनदयाळ. रुडकीच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकलेले, इंदूरला नोकरी करता करता कॅमेऱ्याच्या नादी लागलेले. त्यांनी राजवाडे, मेजवान्या, शिकारी यांचे देखणे फोटो काढले. आणि एकोणिसावं शतक संपता संपता मराठवाड्यात दुष्काळ पडला, तेव्हा निजामाच्या मदतकार्याचे औरंगाबाद भागातले फोटोही त्यांच्या स्टुडिओचे आहेत. त्यांत हाडांची काडं झालेली माणसं आहेत. एका फोटोखालच्या इंग्रजी ओळीचा अर्थ होतो, 'स्थलांतरितांचे प्रकार'.

प्रकार! जसे भेंडीचे प्रकार, ज्वारीचे प्रकार. ती माणसं कोण होती, कोणत्या गावची होती, त्यांची नावं काय, हे त्या ओळीत नाही. निजामाचं नाव राहिलं, फोटो काढणाऱ्याचं राहिलं, पाण्यावाचून गाव सोडलेल्यांचं नाही राहिलं.

दोस्तांनो, आजही आमच्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. माझ्यासारख्या गुरुजींना हजेरी घेताना ते कळतं. नाव पुकारलं की समोरून आवाज येत नाही. तुम्ही उद्या त्यांचा फोटो काढाल, बंद दारांचा काढाल, तर खाली 'ऊसतोड मजूर' एवढंच लिहाल, की आधी नाव विचाराल?

अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर अशीच मोठी फोटो मालिका केली. गटारात उतरणारी ही माणसं शहराला रोज दिसतात आणि तरी दिसत नाहीत. ओलवे त्यांच्या कामापर्यंत आणि घरांपर्यंत गेले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि अमेरिकेचे युजीन स्मिथ! त्यांनी १९४८ मध्ये कोलोरॅडोतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरवर 'कंट्री डॉक्टर' हा गाजलेला फोटो निबंध केला. तेवीस दिवस ते डॉक्टरबरोबर राहिले. सुरुवातीला तर ते कॅमेऱ्यात रोल न भरताच बटण दाबत होते, डॉक्टरला कॅमेऱ्याची सवय व्हावी म्हणून! ही युक्ती आपल्याला झकास जमेल. रिकाम्या कॅमेऱ्याला पैसे पडत नाहीत. दोन दिवस तसंच फिरा, बोला, चहा प्या. तिसऱ्या दिवशी रोल भरा.

म्हणून कॅमेऱ्याबरोबर एक वही ठेवा. एक ते छत्तीस आकडे घाला. प्रत्येक आकड्यापुढे तारीख, गाव, उजेडाचे आकडे आणि माणूस असेल तर विचारून घेतलेलं नाव. नाव द्यायचं नसेल तर तेही लिहा: 'नको म्हणाले.' मग तो फोटो काढायचाच नाही. लहान मुलांचा फोटो असेल तर त्यांच्या आईवडिलांना विचारायचं. मोबाइलवर पाचशे फोटो काढणाऱ्याला पाचशे नावं विचारणं जमणार नाही. छत्तीसवाल्याला जमतं!

पैशांची जुळवाजुळव

आता खर्च. समजा, रोल ९०० रुपये, धुलाई आणि स्कॅन ५००, कुरिअर १०० (रोल धुणारे आता कमी राहिलेत, तो बहुधा मोठ्या शहरात पाठवावा लागतो), प्रवास ५००. आणि एक खर्च कधीही कापायचा नाही: ज्यांचे फोटो काढले त्यांना परत द्यायच्या वीस प्रिंट, पंधरा रुपयांप्रमाणे ३००. बेरीज झाली २३०० रुपये. प्रवासात बचतही होते हं. २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा मोठं माणूस म्हणून आईला नाहीतर ताईलाच सोबत घ्या!

बाबांकडे हात पसरायचा नसेल, तर आगाऊ वर्गणीची रीत करून बघा. शेजारी, मामा, शाळेतले गुरुजी, बाई यांना सांगायचं, "शंभर रुपये आधी द्या. रोल धुऊन आला की तुमच्या आवडीची एक प्रिंट तुमची." आता कोडं सोडवा. वर्गणीदाराच्या प्रिंटलाही पंधरा रुपये पडतात. तर २३०० रुपये उभे करायला कमीत कमी किती वर्गणीदार लागतील? वहीत करून बघा. उत्तर शेवटी दिलंय, आधी डोकावू नका!

पैसे घेतले की जबाबदारी आली. होमाईंना वर्तमानपत्राने रुपया दिला तो फोटो पसंत पडल्यावर. तुम्हाला लोक आधी देणार आहेत, फक्त तुमच्या शब्दावर. म्हणून हिशेबाची वही उघडी ठेवा. प्रदर्शनासाठी हॉल नको, शाळेचा व्हरांडा आणि सुतळी पुरे. चिमट्यांनी प्रिंट लावा. प्रत्येकीखाली गाव, तारीख आणि नाव. फोटो काढणाऱ्याचं आणि फोटोतल्या माणसाचं, दोघांचंही. अक्षर सारख्याच आकाराचं!

आणि ते शिलकीतले सहा फोटो? त्यांचं काय करायचं, ते मी नाही सांगणार. पाण्याचा दोरा धरून निघालात की ते तुम्हालाच सापडतील. कदाचित परभणीच्या उरुसात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुराबुल हक दर्ग्यापाशी लाखोंच्या गर्दीत तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्या एखाद्या हाताचा. कदाचित मुद्गलला, गोदावरीच्या पात्रातल्या मुद्गलेश्वराच्या देवळापाशी. कदाचित तुमच्याच गल्लीतल्या हापशावर, रोज सकाळी ज्या आजी हंडा घेऊन येतात त्यांचा. तुम्ही परभणीचे नसाल तरी हरकत नाही. आजी आणि हंडा कुठल्याही जिल्ह्यात भेटतात.

त्या आजींचं नाव ठाऊक आहे का तुम्हाला? नाही ना? मग उद्या सकाळी कॅमेरा घरीच राहू द्या आणि आधी नाव विचारून या.

(कोड्याचं उत्तर : २८ वर्गणीदार. प्रत्येकाच्या शंभरातले ८५ उरतात. २७ जणांचे २२९५ होतात, म्हणजे पाच रुपये कमी पडतात. २८ जणांचे होतात २३८०. वरचे ८० रुपये सुतळी आणि चिमट्यांना!)